बाबांची २१२ पुस्तकं आणि एक बंद फोन : विकत घेतलेलं नेमकं कुणाचं?

ओसरी

बाबा जाऊन सात महिने झाले. हा धागा आधीच काढायचा होता, पण बरेच दिवस वाटत राहिलं की माझंच काहीतरी चुकलं असेल, फॉर्म नीट भरला नसेल, पत्रात काही राहिलं असेल. आता सगळं होऊन गेलंय, म्हणून लिहिते.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, बत्तीस वर्षं. वाचनाचं वेड पहिल्यापासून. घरी दोन कपाटं भरून पुस्तकं, आणि बऱ्याच पुस्तकांच्या कडेला ग्रीसचे अंगठे. वाचताना हातात पेन्सिल असायचीच. पटलं तर शेजारी उभी रेघ, नाही पटलं तर प्रश्नचिन्ह, आणि फारच राग आला तर "हे खोटं आहे" असं लिहून ठेवायचे.

निवृत्तीनंतर डोळ्यांनी त्रास दिला. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली तरी बारीक टाइप वाचवेना. तेव्हा दादाने ई-रीडर आणून दिला. पहिल्या दिवशी अक्षर मोठं करून दाखवलं तर बाबांनी ते यंत्र जेवतानाही खाली ठेवलं नाही. मला ई-पुस्तकांबद्दल आकस नाही, हे आधीच सांगते. त्या यंत्राने बाबांना शेवटची सहा वर्षं वाचन दिलं. पेन्शनच्या पैशातून एकेक करत त्यांनी २१२ पुस्तकं घेतली, आणि पेन्सिलीची सवय तिथेही गेली नाही. बोटाने ओळी रंगवायच्या, खाली टिपण टाइप करायचं. एका बोटाने, सावकाश.

ते गेल्यावर मी कंपनीला रीतसर मेल केला. खातं आईच्या नावावर करून मिळेल का, निदान टिपणं तरी काढून घेता येतील का, असं विचारलं. त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला, मी पाठवला. दहा दिवसांनी उत्तर आलं की पुस्तकांचा परवाना व्यक्तिगत आहे, तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि खातेदाराचं निधन झाल्याने खातं बंद करण्यात येत आहे. त्या दिवशी ई-रीडर घरच्या वायफायला जोडलेलाच होता. संध्याकाळी आईने उघडला तर आत काहीच नव्हतं. खोकं रिकामं असतं तसं.

मी दाखला पाठवला नसता तर पुस्तकं आजही असती, हे मला अजून झोपू देत नाही.

दुसरा प्रश्न फोनचा. बाबांचा फोन कपाटात आहे, पिन माहीत नाही. दादाचं म्हणणं, कुणाकडून तरी उघडून घेऊ. मलाही वाटतं की आत त्यांचं काहीतरी असेल आणि ते आमचं आहे. दोन प्रश्न आहेत. पैसे मोजून घेतलेल्या पुस्तकांवर आमचा हक्क खरंच नव्हता का? आणि फोन उघडावा का?

ठाणेकर_वकील

ओसरीताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. दाखला पाठवणं ही चूक नव्हती. खरं सांगणाऱ्याला त्याची शिक्षा होते अशी व्यवस्था असेल, तर दोष व्यवस्थेत आहे.

कायद्याचं सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. लेखकाला प्रती बाजारात आणण्याचा हक्क आहे, पण "आधीच चलनात असलेल्या प्रती" त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे कागदी पुस्तक एकदा विकलं गेलं की त्या प्रतीवर प्रकाशकाची सत्ता संपते. अप्पा बळवंत चौकात किंवा फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं उघडपणे विकली जातात ती याच जोरावर. बाबांची दोन कपाटं तुम्हाला वारशाने आली, त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही.

ई-पुस्तकात प्रत विकली जात नाही, वाचायची मुभा दिली जाते. असं कंपन्यांचं म्हणणं, आणि परदेशी न्यायालयांनीही बऱ्याच अंशी ते उचलून धरलंय. युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये टॉम काबिनेट खटल्यात सांगितलं की वापरलेली ई-पुस्तकं हक्कधारकाच्या परवानगीशिवाय पुन्हा विकता येणार नाहीत. गाण्यांच्या फाइलींबाबत अमेरिकेत रीडिजी खटल्यात २०१८ साली तोच सूर लागला. गंमत म्हणजे त्याच युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये सॉफ्टवेअरबद्दल उलट निर्णय दिला होता : कायमस्वरूपी वापराचा परवाना पूर्ण किंमत घेऊन दिला असेल तर ती विक्रीच, आणि घेणारा ते पुढे विकू शकतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अॅनालिसिस प्रकरणात तयार सॉफ्टवेअरच्या प्रतीला माल मानलं आणि कागदावर "परवाना" लिहिलं म्हणून व्यवहाराचं स्वरूप बदलत नाही, अशी भूमिका घेतली. तो वाद प्राप्तिकराचा होता. ई-पुस्तकाच्या वारशाला तो जसाच्या तसा लावता येईल असं मी म्हणणार नाही. पण नावापेक्षा व्यवहार पाहायचा, ही दिशा मला महत्त्वाची वाटते. उद्या कुणी हा प्रश्न घेऊन कोर्टात उभं राहिलं, तर युक्तिवाद तिथून सुरू होईल.

आणि एक. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अन्याय्य करार" ही स्वतंत्र संकल्पना आहे, त्याची तक्रार राज्य आयोगाकडे करता येते. तुमचं प्रकरण त्यात बसेल का, ते करार वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फी घेणार नाही.

सिंहगडरोड

ताई, वाईट वाटलं वाचून. पण वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मी २७ वर्षांचा. पाच वर्षांत चार घरं बदलली, दर वेळी सामान दोन बॅगांत मावलं पाहिजे. गाणी, सिनेमे, पुस्तकं, सगळं महिन्याच्या वर्गणीवर. माझ्या आजोबांच्या कपाटातली पुस्तकं शेवटी रद्दीत गेली, कारण कुणाकडे जागाच नव्हती. मालकी म्हणजे झाडणं, पुसणं, वाळवीपासून वाचवणं हेही आलंच ना? ते ओझं नको म्हणून मी जाणूनबुजून काहीच विकत घेत नाही. वापरलं, झालं, पुढे. मला हे जगणं मोकळं वाटतं.

मात्र एक ठेच लागलीय. पूर्ण पैसे भरून घेतलेला गाड्यांच्या शर्यतीचा गेम, युबिसॉफ्टचा द क्रू, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि संपला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा चालेना. त्यातूनच युरोपात "स्टॉप किलिंग गेम्स" ही मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांवर सह्या झाल्या. तेव्हा मलाही वाटलं की हे बरोबर नाही. वर्गणी बंद केली की सेवा बंद, हे मान्य. पण ते तर मी घेतलेलं होतं.

ओसरी

@सिंहगडरोड, राग कसला? तुमचं शेवटचं वाक्य तेच माझं म्हणणं आहे.

भाड्याच्या घराचंच उदाहरण घ्या. तुम्ही अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करता. करारावर सही करताना तुम्हाला ठाऊक असतं की घर आपलं नाही, मालक वेगळा, अनामत इतकी, मुदत इतकी. कुणी त्यावर "खरेदीखत" असं लिहून तुमच्याकडून घराची पूर्ण किंमत घेत नाही. बाबांना मात्र प्रत्येक वेळी "विकत घ्या" असंच बटण दिसायचं. किंमत छापील पुस्तकाच्या आसपास. "भाड्याने घ्या" लिहिलं असतं तर त्यांनी दोनदा विचार केला असता. आयुष्यभर त्यांनी उधारीवर वहीसुद्धा घेतली नाही.

फ्रीमाँटकर

तुम्ही म्हणता तो बटणाचा मुद्दा आमच्याकडे कायद्यात आलाय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल वस्तूवर "विकत घ्या" असं लिहायचं असेल, तर हा फक्त परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. फाइल कायमची उतरवून घेता येत असेल आणि विक्रेता ती नंतर काढून घेऊ शकत नसेल, तर मात्र हे बंधन नाही. कायदा छोटाच आहे, त्याने मालकी मिळत नाही. पण निदान शब्द खरे झाले.

टिपणांवरून २००९ आठवलं. अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं लोकांच्या किंडल या ई-रीडरवरून परस्पर काढून टाकली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, नंतर कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफीही मागितली. पण एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्यातल्या एका पुस्तकावर टिपणं काढली होती. टिपणं राहिली आणि ज्यावर काढली ते पानच गेलं. तो कोर्टात गेला. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा सगळ्यांना पैसे परत दिले आणि ज्यांनी पुस्तकात टिपणं केली होती त्यांना वर २५ डॉलर दिले. म्हणजे टिपणांची काही किंमत असते, हे त्यांनाही कळलं होतं.

वारशाबाबत इथे अमेरिकेत बहुतेक राज्यांत एक कायदा आहे. त्याचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा : कंपनीने दिलेल्या साधनात तुम्ही कुणाचं नाव घातलं असेल तर ते सर्वांत आधी, मग मृत्युपत्र, आणि दोन्ही नसेल तर कंपनीच्या अटी. मृत्युपत्रापेक्षाही ती सेटिंगमधली एक ओळ वरचढ ठरते. मी आणि बायकोने एका रविवारी बसून दोघांची नावं घातली. ॲपलमध्ये "लेगसी कॉन्टॅक्ट" (आपल्या पश्चात खातं पाहू शकेल अशी नेमलेली व्यक्ती) आहे, पण त्यातही घेतलेली पुस्तकं, गाणी, सिनेमे वारसाला मिळत नाहीत. फोटो आणि नोंदी मिळतात.

काळीमिरी

ओसरी, पुस्तकांबद्दल तुमच्या शंभर टक्के बाजूने. फोनबद्दल मात्र विरोधात आहे, आणि जरा सविस्तर लिहिते.

वय ३९, बंगळूरला एकटी राहते. लग्न करायचं नाही हा माझा निर्णय, तो घेऊन बारा वर्षं झाली. माझ्या फोनमध्ये माझी रोजनिशी आहे. त्यात माझ्या आईबद्दल, भावाबद्दल अशा काही गोष्टी आहेत ज्या मी रागाच्या भरात लिहिल्या आणि लिहून टाकल्यामुळेच त्यांच्याशी नीट बोलू शकले. उद्या मी गेले तर कायद्याने माझे वारस आईवडीलच. त्यांनी ते वाचलं तर माझ्या माघारी त्यांना मी वेगळीच भेटेन, आणि समजवायला मी तिथे नसेन.

जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये, मेट्रोखाली गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचं फेसबुक खातं आईवडिलांना पाहू द्यावं असा निकाल दिला. पत्रं आणि डायऱ्या वारसांकडे जातात, तसंच हे, असं न्यायालय म्हणालं. मुलगी कशाने गेली हे कळावं म्हणून ते आईवडील झगडत होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात फक्त कणव आहे. पण पत्र आणि फोन मला सारखे वाटत नाहीत. पत्र माणूस जपून ठेवतो किंवा जाळतो, ती त्याची निवड असते. फोनमध्ये मात्र आपण काहीच निवडून ठेवलेलं नसतं. शिवाय त्यात समोरच्या माणसांचंही बोलणं असतं. माझ्या मैत्रिणीने तिच्या घटस्फोटाच्या दिवसांत मला रात्री दोन वाजता जे लिहिलं, ते माझ्या आईवडिलांच्या वारशात कसं येईल?

मी एका मैत्रिणीला सगळं लिहून दिलंय : काय ठेवायचं, काय न वाचता पुसायचं. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १४ मध्ये आपल्या पश्चात आपले डेटाविषयक हक्क बजावायला कुणालाही नेमता येतं. नातेवाईकच हवा अशी अट नाही. माझ्यासारख्या बाईला त्याचं मोल किती, ते शब्दांत सांगता येणार नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि हा भाग त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचा आहे, म्हणून तोवर कागदावर लिहून ठेवलंय.

बाबांनी पिन कुणालाच का सांगितला नसेल, हा प्रश्न एकदा स्वतःला विचाराल का? कदाचित विसरले असतील. कदाचित नसतील विसरले.

ओसरी

काळीमिरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लगेच उत्तर देत नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, त्यामुळे लग्नानंतर साधारणपणे सगळ्यात नवराबायकोची निम्मी निम्मी मालकी, आणि मृत्युपत्र केलं तरी मुलांचा अर्धा वाटा कुणी काढून घेऊ शकत नाही. माणूस गेल्यावर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी होते. माझ्या आजोबांच्या इन्व्हेंटरीत तांब्याची भांडी, माड, एक मोडकं होडकं, सगळं ओळीने लिहिलेलं आहे.

गेल्या वर्षी काकांची यादी करताना त्यांचा लॅपटॉप लिहिला. त्यातल्या फोटोंपाशी अडलो आणि सगळे गप्प झालो. चाळीस वर्षं त्यांनी जत्रा, शिगमो आणि बुजलेल्या खाजनांचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींचे) फोटो काढले होते. लॅपटॉपची किंमत वीस हजार लावता येते. फोटोंचं काय लिहायचं? फोटोंचा कॉपीराइट काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं चालतो, म्हणजे कायद्याच्या नजरेने लॅपटॉपपेक्षा तीच मोठी मिळकत. शेवटी पाच हार्ड डिस्का घेतल्या आणि प्रत्येक घरात एक दिली. माड वाटले तर कमी होतात, फोटोंचं तसं नाही.

पासबुक

बँकेत चौतीस वर्षं काढली. थोडं कामाचं सांगतो, कारण दुःखाच्या दिवसांत हेच राहून जातं.

सिमकार्डाचा रिचार्ज लगेच थांबवू नका. बँका, फंड, विमा, सगळ्यांचे निरोप त्याच नंबरवर येतात. नंबर फार काळ पडून राहिला तर कंपनी तो दुसऱ्याला देते. पण यूपीआयचा पिन माहीत असला तरी गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढू नका. आपलेच पैसे असले तरी ते चूक आहे आणि भावंडांत त्यावरून कायमचं फाटलेलं मी पाहिलं आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं : नॉमिनीच्या हाती रक्कम येते, पण ती वारसांसाठी.

मृत्युपत्र ई-सहीने होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातून ते वगळलेलं आहे. साधा कागद चालतो, आपली सही आणि दोन साक्षीदार. त्यात पासवर्ड लिहू नका, तो कागद पुढे दहा हातांतून जातो. पासवर्ड वेगळ्या वहीत, आणि वही कुठे आहे एवढंच घरच्यांना ठाऊक असावं.

आणि फोन कुठल्याही दुकानात "उघडून" घेऊ नका. बहुतेक ठिकाणी तो आतून पुसूनच चालू करून देतात.

ओसरी

सगळ्यांचे आभार. वकीलसाहेब, करार व्यनिने पाठवलाय. कंपनीकडे टिपणांची मागणी पुन्हा लेखी केली आहे, काय होतं ते इथे कळवीन.

फोनचं सांगायचं होतं. काळीमिरींचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. आई भाजी निवडत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "मला पिन माहीत आहे."

मी आणि दादा सात महिने त्या फोनवर भांडत होतो. कुणाकडे न्यायचा, किती पैसे घेतील, आत काय असेल. आईला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणाली की बाबांनी दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री सांगितला होता, आणि तेराव्यानंतर तिने एकदा फोन उघडलाही. "तुमच्या कामाचं असतं तर दिलं असतं. माझं होतं ते मी वाचलं." पुढे मी काही विचारलं नाही. दादाही गप्प बसला.

मग तिनेच एक गोष्ट आपणहून दिली. फोनच्या नोंदींत बाबांची एक यादी होती, नाव "बाहेर गेलेली". कपाटातली कुठली पुस्तकं कुणाकडे गेली, कुठल्या तारखेला. चौदा नोंदी. सलूनवाला, डेपोतले दोन जुने सोबती, पोस्टातल्या बाई, समोरच्या बिल्डिंगमधली अकरावीतली मुलगी. आईने एकेक ओळ वाचली, मी वहीत उतरवून घेतली. फोन पुन्हा कपाटात गेला.

आठवडाभर एकेकाकडे जाऊन येतेय. सहा पुस्तकं परत आली. सलूनवाल्याने तर खाकी कव्हर घालून ठेवलं होतं. दोन सापडत नाहीत. अकरावीतली मुलगी काल संध्याकाळी स्वतःच घेऊन आली, उशीर झाला म्हणून घाबरत. पुस्तक उघडलं तर एका पानावर बाबांची पेन्सिलीची उभी रेघ, "हे खोटं आहे" असं त्यांच्या अक्षरात, आणि त्याखाली निळ्या शाईने तिने लिहिलेलं, "पण का?" ती सॉरी सॉरी म्हणत होती. आईने चष्मा लावून ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि तिच्याच हातात परत दिलं. "तुझंच ठेव."

रात्री वहीतल्या यादीतून त्या पुस्तकाचं नाव मी खोडलं.